हद्दवाढ येवो न येवो, सातबाऱ्यातला 'बारा' सांभाळा

खोडव्याचे दिवस होते. कोल्हापूर शहराला अगदी लागून असलेल्या एका गावात पाचट कुजवण्याचे प्रात्यक्षिक घ्यायला गेलो होतो. एका बाजूला ऊस तुटून गेलेले रान, दुसऱ्या बाजूला चार मजली इमारतीचा स्लॅब, मधे कच्चा रस्ता. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू कल्चर, हा हिशेब सांगून झाला. पाचट पेटवू नका, हेही नेहमीप्रमाणे सांगून झाले. तोवर बांधावर गप्प बसलेले एक काका म्हणाले, "सायेब, हद्दवाढ हुनार म्हंत्यात. मग हे पाचट कुजवून काय करू? प्लॉट पाडू का नको, तेवढं सांगा."

खरे सांगायचे तर मला उत्तर देता आले नाही. कृषी पदविकेत हा धडा नव्हता. पण करवीर तालुक्यातल्या शहरालगतच्या गावात फिरताना खत-औषधापेक्षा हाच प्रश्न जास्त येतो. म्हणून महसूल खात्यातले मित्र, एक करसल्लागार आणि दोन-तीन जुने ग्रामसेवक यांच्याशी बोलून जे समजले ते या लेखात मांडतो आहे. हद्दवाढ व्हावी की होऊ नये, हे सांगणे माझ्या नोकरीत बसत नाही. ते तुम्ही ठरवा. पण हद्दवाढीची नुसती चर्चा चालू असते त्या वर्षांत शेतकऱ्याचे जे नुकसान होते, ते मी डोळ्यांनी पाहतो आहे. त्याबद्दल गप्प बसणे बरोबर नाही.

चर्चा जुनी, हद्द त्याहून जुनी

कोल्हापूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली ती डिसेंबर १९७२ मध्ये. तेव्हापासून शहराची हद्द एक इंचही वाढलेली नाही. क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५ लाख ४९ हजार. हद्दीबाहेर मात्र शहर केव्हाच वाढले. उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी, सरनोबतवाडी या गावांत फिरले तर शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. प्रस्ताव आले आणि गेले. गावांचा आकडा कधी बेचाळीस, कधी अठरा, तर २०२५ मध्ये आठ. शहरात हद्दवाढीसाठी मोर्चे, गावांत हद्दवाढीविरुद्ध बंद, हे चित्र आपल्याला पाठ आहे.

मधला मार्ग म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आले. म्हणजे गाव ग्रामपंचायतीतच राहिले, पण बांधकामाची परवानगी प्राधिकरणाकडे गेली. माणसे अपुरी, निधी अपुरा, ही प्राधिकरणाबद्दलची तक्रार पहिल्यापासून आहे. २०२५ मध्ये विषय पुन्हा तापला. त्यातच २०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ नंतर गावा-शहरांच्या हद्दी बदलू नयेत असे केंद्राने राज्यांना कळवले होते, आणि जानेवारी २०२६ ची महापालिका निवडणूक जुन्याच हद्दीत झाली. विषय संपला असे कुणी समजू नये. पन्नास वर्षे जो विषय संपला नाही, तो एका जनगणनेने संपत नाही. मिळालेला वेळ मात्र आपल्या कामाचा आहे.

दोन्ही बाजूंचे म्हणणे थोडक्यात. शहरवाले म्हणतात, लोकसंख्या आणि क्षेत्र वाढल्याशिवाय मोठ्या योजना मिळत नाहीत, जागा नाही, आणि शेजारच्या गावांतले लोक शहराचे रस्ते, दवाखाने, केएमटी वापरतात पण कर तिथे भरतात. गाववाले म्हणतात, आधी हद्दीतल्या उपनगरांना धड पाणी-गटार द्या, मग आमच्याकडे या. तुम्हाला आमची गावे नकोत, आमच्या जमिनी आणि एमआयडीसीचा कर हवा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचे पाणी शहरात यायला २०२३ साल उजाडले, हे गावाने पाहिले आहे. आणि पंचगंगेत मिसळणारे सांडपाणी फक्त शहराचे नाही, लगतच्या गावांचेही आहे, हे गावानेही मान्य केले पाहिजे.

'आमचा ठराव आहे' एवढ्यावर विसंबू नका

गावोगाव एक समज आहे. ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला की हद्दवाढ होत नाही. हे बरोबर नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे शहराची हद्द बदलण्याचा अधिकार राज्य शासनाचा आहे. शासनाने महापालिकेशी विचारविनिमय करायचा, प्रारूप अधिसूचना काढायची, हरकती मागवायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मग अंतिम अधिसूचना काढायची. ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे ग्रामपंचायतीचे आणि जिल्हा परिषदेचे म्हणणेही घेतले जाते. पण म्हणणे घेणे वेगळे आणि संमती लागणे वेगळे. ठराव राजकीय वजनासाठी कामाचा आहे. कायद्याने तो कुलूप नाही.

म्हणून प्रारूप अधिसूचना निघाल्यानंतरचे हरकतीचे दिवस महत्त्वाचे. पुण्याजवळच्या २३ गावांची प्रारूप अधिसूचना २३ डिसेंबर २०२० ला निघाली आणि ३० जून २०२१ ला गावे महापालिकेत गेलीसुद्धा. सहा महिन्यांत सगळा खेळ आटोपला. त्याआधी तिथेही वर्षानुवर्षे चर्चाच चालू होती.

हरकत कशी असावी? सायक्लोस्टाइल केल्यासारखा एकच मजकूर आणि खाली पाचशे सह्या, अशा गठ्ठ्याचे वजन कागदाच्या वजनाइतकेच. राज्यघटनेच्या कलम २४३-क्यू मध्ये कुठला भाग शहरी ठरवायचा याची मोजमापे दिली आहेत. लोकसंख्या, तिची दाटी, स्थानिक उत्पन्न, आणि शेतीबाहेरच्या कामावर पोट असलेल्यांचे प्रमाण. म्हणजे तुम्ही "आम्ही शेतकरी आहोत" असे म्हणून भागत नाही, ते दिसले पाहिजे. माझा गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक, त्यात आडसाली ऊस, पाणी अमक्या पाणीपुरवठा संस्थेचे, घरात तीन म्हशी, दूध रोजचे इतके. असे आपल्या अक्षरात लिहिलेले अर्धे पान मोर्च्याच्या फोटोपेक्षा भारी पडते. आणि हे सिद्ध करणारा पहिला कागद म्हणजे सातबारा. त्यातही 'बारा'.

यादीत नाव नाही, तरी तुम्ही आत आहात

आता सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. ही समजल्यावर मीही दोन मिनिटे गप्प झालो होतो.

शेतजमीन विकली तर आयकर नाही, असे आपण धरून चालतो. हे खेड्यातल्या शेतजमिनीपुरते खरे आहे. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीतली शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता आहे आणि तिच्या विक्रीतला नफा करपात्र आहे. इतकेच नव्हे. शहराची लोकसंख्या १० हजारांच्या वर आणि १ लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १ लाखाच्या वर आणि १० लाखांपर्यंत असेल तर ६ किलोमीटर, आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटरपर्यंतची शेतजमीनही त्यातच धरली जाते. हे अंतर रस्त्याने मोजायचे नाही, हवाई अंतर, म्हणजे कावळा उडतो तसे सरळ.

कोल्हापूर ५ लाख ४९ हजारांचे, म्हणजे ६ किलोमीटर. नकाशावर कंपास ठेवून बघा. ज्या गावांनी हद्दवाढीविरुद्ध रस्ता अडवला, त्यातल्या बहुतेक गावांच्या शिवारावर आयकर खात्याने केव्हाच रेघ मारलेली आहे. गाव ग्रामपंचायतीचे, रान उसाचे, पण जमीन विकताना हिशेब शहराचा!

आणि पुढचे ऐका. उद्या शहराची हद्द चार किलोमीटर पुढे सरकली, तर ही ६ किलोमीटरची रेघही तिच्याबरोबर पुढे सरकते. म्हणजे ज्या गावाचे नाव कुठल्याच यादीत नाही, जे लोक "ते करवीरवाल्यांचं भांडण हाय" म्हणून पारावर निवांत बसले आहेत, त्यांच्याही जमिनी या हिशेबात येतात. हरकत घेण्याचा विचार त्या गावांनीही करायला हवा. आजवर कुणी केल्याचे मी तरी ऐकले नाही.

माझ्या माहितीतल्या एका शेतकऱ्याने मुलाच्या आजारपणासाठी वीस गुंठे विकले. खरेदीखत झाले, दवाखान्याचे बिल भागले, उरलेल्या पैशातून घरावर पत्रे घातले. पुढे आयकराची नोटीस आली तेव्हा पैसा शिल्लक नव्हता. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. मध्यस्थाने नाही, लिहून देणाऱ्याने नाही, आणि मीही नाही, कारण तेव्हा मलाच माहीत नव्हते.

कायद्यात वाट आहे. अशी जमीन विकून आलेल्या नफ्यातून २ वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली तर तेवढ्या नफ्यावर कर माफ होतो. ती नवी जमीन ३ वर्षे विकायची नाही. रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत जमीन मिळाली नाही तर रक्कम बँकेत त्यासाठीच्या खास खात्यावर ठेवावी लागते. पण या सवलतीला एक अट आहे. विकलेली जमीन विक्रीच्या आधीची २ वर्षे तुम्ही किंवा तुमच्या आईवडिलांनी शेतीसाठी वापरलेली असली पाहिजे. आणि हे तुम्ही दाखवणार कशाने? पुन्हा त्याच 'बारा'ने. सक्तीच्या भूसंपादनाची गोष्ट वेगळी, तिथे नियम निराळे आहेत. दर आणि हिशेबाच्या पद्धती बदलत असतात, तेव्हा इसार घेण्याआधी करसल्लागाराला शे-पाचशे रुपये देऊन विचारा. इसार घेतल्यानंतर नव्हे.

काकांचा उतारा

तर त्या बांधावरच्या काकांचा उतारा मी मागितला. ३८ गुंठे. नमुना ७ चोख होता, वारस नोंद झालेली, बोजा फक्त सोसायटीचा. नमुना १२ बघितला आणि चाट पडलो. तीन वर्षे 'पड'. समोर ऊस तुटलेला, कडेला सहा गुंठे कडवळ हिरवेगार, विहिरीवर मोटर चालू, आणि कागदावर पड!

काका म्हणाले, "पूर्वी तलाठी लिहायचे. आता म्हणे मोबाईलवर करायचं. पोरगं म्हणतं, जाऊ दे, हद्दवाढ झाल्यावर सातबाराच बंद हुनार हाय."

दोन्ही गोष्टी चुकीच्या. पहिली गोष्ट, गाव महापालिकेत गेले म्हणून त्या दिवशी सातबारा बंद होत नाही. सिटी सर्व्हे होऊन मिळकत पत्रिका तयार होणे ही वेगळी आणि सावकाश चालणारी प्रक्रिया आहे. उदाहरणाला पुण्याला जायला नको. कसबा बावडा शहराच्या हद्दीत आहे. तिथे ऊस आहे, साखर कारखानासुद्धा आहे. हद्दीत जाऊनही शेती राहते, ती ठेवणाऱ्याने ठेवली तर. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून देणारे गवळीबंधू तर भर शहरात धंदा करून आहेत.

दुसरी गोष्ट, २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः करायची आहे. हंगामाच्या ठरवून दिलेल्या मुदतीत, शेतात उभे राहून, पिकाचा फोटो काढून. चूक झाली तर ४८ तासांत दुरुस्त करता येते. ऊस, भात, सोयाबीन तर नोंदवाच, पण कडवळ, मका, वांगी, मेथी जे काही असेल तेही नोंदवा. विहीर, बोअर, बांधावरचे आंबे-नारळ यांचीही नोंद बघा. मुदत गेली की मागची वर्षे भरून काढणे फार अवघड जाते, चकरा मारून चपला झिजतात.

नोंद नसण्याचा फटका कुठे कुठे बसतो बघा. सरकारी मूल्यांकनात जिरायताचा दर वेगळा, बागायताचा वेगळा. रिंगरोड किंवा कुठलेही संपादन आले तर विहिरीखालचा ऊस असूनही कागदावर पड दिसणारे रान कुठल्या दरात बसेल? पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान हे तर तुम्हाला माहीतच आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ऊस आठ-आठ दिवस पाण्याखाली होता. पंचनाम्याच्या वेळी ज्याच्या उताऱ्यावर पीक नव्हते त्याला काय काय ऐकून घ्यावे लागले, ते गावोगाव लोकांच्या लक्षात आहे.

संपादनाचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब मांडतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शहरी भागासाठी गुणक १ आहे, ग्रामीण भागासाठी १ ते २ दरम्यान शासन ठरवेल तो. त्यावर तेवढेच दिलासा म्हणून वाढवून मिळतात. समजा बाजारमूल्य १० लाख निघाले. शहरात १० आणि १०, मिळून २० लाख. ग्रामीण भागात गुणक २ असेल तर २० आणि २०, मिळून ४० लाख. शहरात गेल्यावर मूळ मूल्यच चढते असे हद्दवाढीच्या बाजूचे लोक सांगतात, आणि पुष्कळदा ते चढतेही. पण चढायला वेळ लागतो. गुणक बदलायला मात्र एक अधिसूचना पुरे.

योजनांच्या बाबतीतही फरक पडतो. पीएम-किसानला शहरी-ग्रामीण असा भेद नाही, जमीन वहितीखाली असली की झाले. पण रोजगार हमीतून मिळणारी विहीर आणि फळबाग ग्रामीण भागापुरती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत तर सातबारा नगरपालिका-महापालिका क्षेत्राबाहेरचा असावा, असे स्पष्ट लिहिलेले आहे. आमच्या अनुसूचित जातीच्या शेतकरी बांधवांकडे आधीच जमीन थोडी. ज्यांची गावे हद्दवाढीच्या यादीत कधी ना कधी आली आहेत त्यांनी नव्या विहिरीचा अर्ज पुढच्या वर्षावर ढकलू नये. हे मी अधिकारी म्हणून नाही, घरच्या माणसासारखे सांगतो.

पुण्याकडे बघून काय शिकायचे

पुण्यात १९९७ मध्ये ३८ गावे घेतली, पुढे काही वगळली आणि २३ ठेवली. त्या २३ गावांच्या विकास आराखड्याचा घोळ पुरता मिटायला दीड दशकाच्या वर काळ गेला. शेतावर आरक्षण पडणार की नाही हे माहीत नसताना एवढी वर्षे कोण ठिबक बसवील आणि कोण बाग लावील? २०१७ मध्ये ११ गावे गेली. गंमत म्हणजे महापालिकेत घ्या म्हणून तिथली कृती समितीच हायकोर्टात गेली होती. बांधकामे इतकी झाली होती की ग्रामपंचायतीला पाणी आणि कचरा झेपेना. म्हणजे 'गाव म्हणजे विरोधात' असेही काही नाही.

पण त्या ११ गावांत ज्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीने पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसला, ती गावे कराचा बोजा आणि सोयींचा तुटवडा या तक्रारी करत २०२४ मध्ये पुन्हा बाहेर पडली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. आत जायला जोर लावायचा आणि सात वर्षांनी बाहेर यायला जोर लावायचा. मधल्या काळात शेतकऱ्याने काय पेरायचे?

प्रतिनिधित्वाचे बघा. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. ११ गावांत मिळून शंभराच्या वर पंच धरायला हरकत नाही. महापालिकेत गेल्यावर २०१९ च्या पोटनिवडणुकीत या सगळ्या गावांना मिळून नगरसेवक आले २. पुढची २३ गावे २०२१ मध्ये गेली आणि मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आला. रस्त्यावरचा दिवा गेला तर पूर्वी सरपंचाच्या दारात जाऊन बोलता येत होते. सरपंचाला शिव्या देता येतात, ही सोय लहान नाही.

गुंठ्याचा मोह

आता काकांचा मूळ प्रश्न, प्लॉट पाडू का?

परवानगीशिवाय गुंठा-दोन गुंठे तोडून नोटरीवर देणे, हा शहरालगतच्या गावांतला सगळ्यात तोट्याचा व्यवहार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजारच्या सांगली-मिरज-कुपवाडची महापालिका १९९८ मध्ये झाली. तिथला गुंठेवारीचा प्रश्न काय आहे हे तिथल्या कुणाही पाहुण्याला विचारा. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वस्तीत चार-चार महिने चिखल, गटार नाही, कारण प्लॉट पाडताना रस्त्याला आणि गटाराला जागाच ठेवली नव्हती. त्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांसाठी वाढवली, २०२५ मध्ये शासनाने तुकडेबंदीत अडकलेल्या शहरालगतच्या जुन्या तुकड्यांसाठी वाट काढली. यावरून लोक म्हणतात, "आज ना उद्या नियमित हुतंच की." होत असेल. पण मागे झालेले नियमित होते, पुढे केलेले होईलच असे नाही. आणि नियमित होण्याचा फायदा प्लॉट घेणाऱ्याला. विकणाऱ्याच्या हातात काय राहते? रान गेले, पैसे गाडीत आणि बंगल्यात गेले, आणि उताऱ्यावर तीसजणांची नावे लागली. उरलेल्या पंधरा गुंठ्यांना पाणी न्यायची पाटसुद्धा त्या तीसजणांच्या कुंपणातून जाते.

विकायचेच असेल तर मोजणी करून, रेखांकन मंजूर करून, रस्ता सोडून विका. दर दीडपट येतो. नाहीतर कसा. शहर जवळ आले म्हणजे गिऱ्हाईक जवळ आले. कोथिंबीर, मेथी, झेंडू, हिरवा चारा, दूध यांना वाहतूक खर्च नाही, अडत नाही. शहरालगतचे वीस गुंठे भाजीपाला दूरच्या एकरभर उसाच्या बरोबरीने पैसे देतो, असे करणारे शेतकरी माझ्याच कार्यक्षेत्रात आहेत. ज्याला बघायचे असेल त्याला शिवार फेरीला घेऊन जाईन.

ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांसाठी दोन शब्द

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना विनंती आहे. गाव महापालिकेत गेले तर ग्रामपंचायतीची मालमत्ता, शिल्लक, येणे-देणे सगळे तिकडे वर्ग होते. तेव्हा नमुना ८ ची आकारणी यादी, ग्रामपंचायतीच्या जागांचे उतारे, पाणीयोजनेचे नकाशे आत्ताच नीट लावून ठेवा. गायरानाची मोजणी करून हद्दी कायम करून घ्या, नंतर ते गायरान कुठे होते हे दाखवायला कुणी उरत नाही. समावेशाच्या तोंडावर घाईने माणसे नेमू नका. पुण्याच्या २३ गावांत तशा भरतीची चौकशी लागली होती आणि बिचाऱ्या नेमलेल्यांचेही हाल झाले. आणि ग्रामसभेत एकदा हद्दवाढीवर भाषणे होण्याऐवजी ई-पीक पाहणीचा अर्धा तास ठेवा. ग्राम महसूल अधिकारी (आपले तलाठी हो, नाव बदलले आहे) आणि आमचे सहायक कृषी अधिकारी दोघेही येतील. बोलावल्यावर आलो नाही तर या पानावर माझ्याविरुद्ध लिहा.

काकांनी पाचट पेटवले नाही. खरिपाची नोंदणी सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम गेलो. त्यांचा मुलगा मोबाईल घेऊन रानात उभा होता. पहिल्यांदा ठिकाण शेजारच्या गटात दाखवत होते. मग बांध सोडून दहा पावले आत गेल्यावर गट जुळला. खोडवा नोंदला, विहीर नोंदली. कडवळ राहिले होते. काकांनीच हाक मारून सांगितले, "आरं, कडवळाचाबी फोटो काढ." तोही निघाला. काकू धारा काढायला म्हशीकडे चालल्या होत्या, त्या मधेच फोटोत आल्या म्हणून पुन्हा काढावा लागला.